साहेबांचं ‘बघतो’

आमच्या कार्यालयातला छताचा पंखा म्हणजे लोकसभेचा अध्यक्ष होता. साहेबांना काही खुपलं की ते समोरच्या माणसाला बोलायचे नाहीत, मान वर करून पंख्याला सांगायचे. शेजारच्या इडलीवाल्याच्या कुकरची शिट्टी झाली की, "अध्यक्ष महोदय, सभागृहात शांतता नाही." चहा गार आला की, "अध्यक्ष महोदय, माझा स्थगन प्रस्ताव आहे." पहिल्या दिवशी मी टाइप केलेलं पत्र वाचून ते वर बघत म्हणाले, "अध्यक्ष महोदय, ही मुलगी इंग्रजी बरं लिहिते. पण बोलत का नाही?" मीही वर बघितलं. पंखा फिरत राहिला.

साहेब आमच्या उपनगरातून सहा वेळा लोकसभेवर निवडून गेले होते. अंधेरी पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन गाळे जोडून त्यांचं जनसंपर्क कार्यालय केलेलं होतं. तिथे मी दोन वर्षं नोकरी केली. ती मिळाली त्याची गोष्ट एवढीच, की एका लग्नात बाबा त्यांना सहज म्हणाले, "मुलगी बी.ए. झालीय साहेब, इंग्लिश मीडियमची आहे," आणि साहेब म्हणाले, "बघतो." बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "सोड, काही होत नाही." आठ दिवसांनी खरंच बोलावणं आलं. दिल्लीला जाणारी इंग्रजी पत्रं लिहिणारा माणूस नेमका सोडून गेला होता. हे मी मुद्दाम सांगतेय. साहेबांचं ‘बघतो’ कधी कधी खरं व्हायचं. सगळा घोळ त्यामुळेच होता.

मी त्यांना सुरुवातीला ‘सर’ म्हणायचे. "सर शाळेत," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी दोन वर्षांत एकदाही घेतलं नाही. मी ‘कॉन्व्हेंट’ होते. "ए कॉन्व्हेंट, दिल्लीचं पत्र घे." "कॉन्व्हेंट जेवली का?" मला राग यायचा. पण तो दाखवायचा म्हणजे बोलायला लागणार, आणि बोलणं मला जमत नसे. ऑफिसचा फोन वाजला तरी मी आधी पॅडवर वाक्य लिहायचे, मग रिसीव्हर उचलायचे. समोरून वेगळंच काही विचारलं की पॅड निरुपयोगी.

पुढे कळलं की नावं त्यांना कोणाचीच आठवत नसत. त्यांना कागद आठवत. कोणाचं कुठलं काम कधी आलं होतं आणि ते कुठे अडलं होतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. एका सोसायटीच्या सत्यनारायणाला गेलो होतो, तिथे एक आजोबा नमस्काराला वाकले तर साहेब ओरडले, "अरे, पेन्शन! येतं ना वेळेवर?" एका लग्नात स्टेजवर चढून नवरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पासपोर्ट! केवढी झालीस गं!" तीही हसली. नवरा मात्र गोंधळून त्या दोघांकडे बघत राहिला. त्यानंतर मला ‘कॉन्व्हेंट’चा राग येईनासा झाला. तो माझा कागद होता, एवढंच.

भाषणाची त्यांची एक अजब सवय होती. सभागृहात त्यांना शून्य प्रहरात बोलायला तीन मिनिटं मिळत, आणि वेळ संपली की माइक बंद. इतकी वर्षं हे झाल्यामुळे त्यांचं अंगच तीन मिनिटांचं झालं होतं. कुठेही बोलायला उभे राहिले तरी तिसऱ्या मिनिटाला आपोआप थांबायचे, मग वाक्य अर्धं का असेना. मालाडला एका शाळेच्या कार्यक्रमात, "आणि म्हणून मी या मुलांच्या पालकांना" इतकं म्हणून ते खाली बसले. सूत्रसंचालक बाई माइकसमोर तोंड उघडं ठेवून उभ्या. तेव्हा गावडेकाकांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. गावडेकाका पहिल्या निवडणुकीपासून साहेबांचे स्वीय सहायक. घड्याळ बघून टाळी वाजवणं हे त्यांच्या कामांपैकी एक होतं.

शनिवारी सकाळी दहा ते एक साहेब लोकांना भेटायचे. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, आत साहेब, त्यांच्या डाव्या हाताला गावडेकाका आणि कोपऱ्यात संगणकाशी मी. माणूस आत यायचा, सांगायचा, साहेब पूर्ण ऐकून घ्यायचे. खरंच पूर्ण. मग म्हणायचे, "बघतो. कॉन्व्हेंट, पत्र कर." मी पत्र करायचे, ते सही करायचे, एक प्रत त्या माणसाच्या हातात. माणूस ती प्रत घडी घालून छातीच्या खिशात ठेवायचा. तो खिसा थोपटणारा हात मी इतक्या वेळा पाहिलाय.

काम घेऊन आलेल्या कोणाला ‘नाही’ म्हणताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. अगदी कुणी अशक्य काही मागितलं तरी. एकदा एका गृहस्थांनी विमानांचा रस्ता बदलून मागितला, त्यांच्या मुलीची बारावी होती. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, मान हलवली आणि म्हणाले, "बघतो."

कधी कधी पत्र सांगताना ते एक जास्तीचं वाक्य म्हणायचे. "वरचं कोरं ठेव." म्हणजे ‘प्रिय अमुकजी’ किंवा ‘माननीय महोदय’ हे मी टाइप करायचं नाही. तेवढी ओळ मोकळी सोडायची. तिथे ते स्वतः पेनानं लिहायचे, आणि खाली ‘आपला’ हेही पेनानंच. मला ती वयस्कर माणसांची हौस वाटली. टाइप केलेल्या स्वच्छ पत्रावर शाईचं वेडंवाकडं अक्षर मला आवडायचंही नाही. काही म्हटलं नसेल तेव्हा मी वरची ओळ छान टाइप करायचे, आणि मला वाटायचं माझी ती पत्रं जास्त चांगली दिसतात.

फिलोमिना आंटी पहिल्यांदा आल्या तो शनिवार मला आठवतो, कारण त्यांनी आत यायच्या आधी चपला बाहेर काढल्या. आमच्याकडे कोणी काढत नसे. विमानतळाच्या पलीकडे जुनं गावठाण आहे, तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर. एका शाळेत आयाचं काम करायच्या. नवरा गेलेला. एकुलता एक मुलगा केविन एका एजंटामार्फत मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून अडकलं होतं. मालक पळालेला, कागदपत्रं बंदरवाल्यांनी जप्त केलेली, कोणाला उतरायची परवानगी नाही. बारा माणसं वर, आणि किनारा समोर दिसत असलेला.

"नेव्हीत नाही साहेब, मर्चंट नेव्हीत," त्या सांगत होत्या. "पोरगा सांगतो मम्मा टेन्शन नको घेऊ. टेन्शन नको घेऊ म्हणतो ना, तेव्हाच कळतं मला, काय ते."

साहेबांनी पूर्ण ऐकलं. जहाजाचं नाव दोनदा विचारलं. हातातला चष्म्याचा डबा टक्कन उघडला, टक्कन मिटला. "बघतो," ते म्हणाले. "कॉन्व्हेंट, पत्र कर."

मी दिल्लीतल्या जहाजवाहतूक खात्याला जीव ओतून पत्र लिहिलं. वरती ‘रिस्पेक्टेड सर’ व्यवस्थित टाइप केलं. आंटींनी ती प्रत पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि जाताना माझ्या गालाला हात लावला.

त्या दर शनिवारी यायला लागल्या. साहेब दिल्लीत असले तरी यायच्या. एजंटाच्या कंपनीकडून इंग्रजीत ईमेल यायचे ते मी वाचून मराठीत सांगायचे. त्यात काही नसायचं. आम्ही लक्ष घालत आहोत, आपला संयम हवा आहे. मग त्या केविनचा आवाज ऐकवायच्या. वाऱ्यानं जहाज किनाऱ्याकडे सरकलं की त्यांना नेटवर्क मिळायचं, तेव्हा तो छोटे छोटे निरोप पाठवायचा. "मम्मा, आज भात आणि कांदा. मस्त. तुझी तब्येत सांग." मागे दुसरा कोणीतरी हिंदीत ओरडत असायचा. आंटी निरोप संपला की पुन्हा पहिल्यापासून लावायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या, जणू मला त्यात काही जास्तीचं ऐकू येत असावं.

"साहेबांनी बघतो म्हटलंय ना," मी म्हणायचे. माझ्याकडून एवढं मोठं वाक्य निघायचं ते त्यांच्याशीच.

एकदा शेजारणीनं त्यांना सुचवलं होतं की ‘त्याच्या’कडे जा. आमच्या कार्यालयात त्याचं नाव घेत नसत. तो पूर्वी साहेबांचाच कार्यकर्ता, त्यांच्या सभांना सतरंज्या घालणारा. आता समोरच्या पक्षात मोठा झालेला, खलाशांच्या युनियनमध्ये बसलेला. आंटींनी मला हे स्वतःच सांगितलं, वर म्हणाल्या, "मी नाय गेले. साहेबांनी हातात घेतलंय, मग मी दुसऱ्याच्या दारात जाऊ? किती वाईट दिसतं ते."

ते दिवस सगळ्यांनाच काळजीचे होते. निवडणूक जवळ आली होती आणि या वेळी साहेबांना तिकीट देणार नाहीत अशी कुजबुज होती. रोज कोणीतरी वर्तमानपत्राची घडी घेऊन यायचं, गावडेकाकांच्या कानाला लागायचं. साहेब कोणाला काही विचारत नसत. पण चष्म्याचा डबा दिवसभर टक्, टक्. फोनवर दिल्लीचा नंबर दिसला की सगळ्यांचे हात थांबायचे. मीही पॅडवर वाक्य न लिहिता फोनकडे बघत बसायचे.

तीन महिने होऊन गेले. दुसरं स्मरणपत्र करायला सांगितलं, तेव्हा मी गावडेकाकांना विचारलं. म्हणजे विचारायचं असं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "काका, याच्यावर वरचं कोरं नको का ठेवायला? घाईचं आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरीही आजी मालवणीच बोलते, त्यामुळे ते माझ्याशी हळू आवाजात तसं बोलायचे. "गो बाय, तुका अजून कळला नाय?" म्हणाले. "वर कोरा ठेवलेला पत्र, तां साहेबांचा पत्र. बाकीची सगळी कागदां."

मग त्यांनी समजावलं. दिल्लीतल्या प्रत्येक खात्यात बसणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. खासदारानं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं असेल, तर त्याला काम व्हायला हवंय, तो मागून फोनही करणार. सगळंच टाइप केलेलं असेल, तर त्यानं ते मतदाराला दाखवण्यापुरतं लिहिलंय. अशा पत्राची पोच येते. पुढे काही येत नाही.

"पण हे का नाही?" मी विचारलं. "त्यांना वाईट वाटलं होतं. मी पाहिलं."

"वाटला आसतलाच. पण त्या खात्यात साहेबांचा काय चालणा नाय. मंत्र्याबरोबर समितीत भांडण झाला, तेव्हापासून पाठवलेला पत्र तसाच पडान रवता. साहेबांका म्हायती आसा." ते थांबले. "आता सहा वेळा निवडान दिलेल्या माणसान लोकांका काय सांगूचा? माझा चालणा नाय म्हणान?"

मी माझ्या खुर्चीवर येऊन बसले. पडद्यावर माझं पत्र उघडं होतं. रिस्पेक्टेड सर. किती स्वच्छ दिसत होतं.

पुढच्या शनिवारी आंटी आल्या. मी ईमेल वाचून दाखवला. काही बोलले नाही. मनात वाक्य तयार होतं, पॅडवरही लिहिलं होतं, पण ते वाचायचं म्हणजे साहेबांविरुद्ध बोलायचं. नोकरी, बाबा, तिकिटाची ती सगळी कुजबुज. माझ्या बोलण्यानं बाहेर काही फुटलं तर? असं सगळं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला नुसती भीती वाटत होती, आणि ती कशाची हे मलाही नीट माहीत नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी चर्चमधल्या मावलीपुढे मेणबत्ती लावल्याचं सांगितलं, साहेबांसाठीही एक लावली म्हणाल्या. मी काही बोलले नाही. तिसऱ्या शनिवारी निरोप नव्हताच. आठवडाभर केविनचा आवाज आला नव्हता. त्या जुनेच निरोप पुन्हा लावत होत्या. तेव्हाही मी म्हणाले, "नेटवर्क नसेल, आंटी."

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं कोणी मुलगा आहे.

चौथ्या शनिवारी मी कार्यालयाच्या आधीच कोपऱ्यावर थांबले. आंटी आल्या तशी त्यांना इडलीवाल्याच्या मागे घेऊन गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. वरची ओळ, पेनाचं अक्षर, टाइप केलेलं, सगळं. सांगताना मी त्यांच्या पर्सकडे बघत होते. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग पदर सारखा केला आणि कार्यालयाकडे चालायला लागल्या. मी मागोमाग गेले.

त्यांचा नंबर आला. साहेबांनी नेहमीसारखं, "या, जहाज!" म्हटलं आणि माझ्याकडे वळले. "कॉन्व्हेंट, पत्र..."

"साहेब, मला पत्र नको," आंटी म्हणाल्या. या वेळी त्यांनी चपला काढल्या नव्हत्या.

"मग काय हवंय, बाई?"

"नाही म्हणा."

गावडेकाकांनी हातातला कागद खाली ठेवला.

"मी बघतोय ना," साहेब म्हणाले.

"तुम्ही चार महिने बघताय, माझा पोर चार महिने समुद्र बघतोय. साहेब, मी भांडायला नाय आले. तुम्ही होत नाही म्हणा, मी घरी जाते, चहा पिते आणि दुसरा दरवाजा वाजवते. तुम्ही बघतो म्हणता म्हणून मी कुठे जात नाय. तुम्हाला कमीपणा येईल म्हणून जात नाय. कळलं का?"

साहेबांनी वर पंख्याकडे बघितलं. तोंड उघडलं. अध्यक्ष महोदयांना काहीतरी सांगणार असं वाटलं, पण सांगितलं नाही. चष्म्याचा डबा त्यांच्या हातात होता आणि तो उघडत नव्हता, मिटत नव्हता. बाहेरच्या खुर्च्यांवरची माणसं ऐकत होती, त्या गाळ्यांना मधे दार नव्हतंच.

"नाही," साहेब म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की आंटी पुढे वाकल्या.

"नाही होणार माझ्याकडून. त्या खात्यात माझं कोणी ऐकत नाही." मग एक श्वास घेऊन त्यांनी ‘त्याचं’ नाव घेतलं, आडनावासकट. गावडेकाका खुर्चीत हलले. "त्याच्याकडे जा. युनियनच्या ऑफिसात सकाळी अकराला असतो. आणि माझं नाव घेऊ नका तिथे. घेतलंत तर काम अडेल."

आंटी उठल्या. नमस्कार न करता गेल्या. पुढचा माणूस आत यायला तयार नव्हता, मग गावडेकाकांनी त्याला हाताला धरून आणलं.

एक वाजता सगळे गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. मी उभी राहिले. ते वर बघत म्हणाले, "अध्यक्ष महोदय, या सभागृहातून एक बातमी बाहेर गेली."

"मी सांगितलं," मी म्हणाले. एवढे दोन शब्द म्हणायला मला किती वेळ लागला असेल कोण जाणे.

त्यांनी मान खाली केली आणि पहिल्यांदाच पंख्याला सोडून थेट मला विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे," ते म्हणाले. मला वाटलं आता उद्यापासून येऊ नको म्हणतील. त्यांनी पुढचा कागद ओढला, चष्मा लावला आणि विचारलं, "तू जेवलीस का?"

‘त्यानं’ काम केलं. कसं केलं ते मला माहीत नाही, पण दीड महिन्यात जहाजावरची बाराही माणसं सुटली. दरम्यान साहेबांचं तिकीट कापलं गेल्याची बातमी आली. त्या शनिवारी बाहेर चारच माणसं होती. केविन घरी आल्याचं गावडेकाकांनी सांगितलं, तेव्हा साहेब बराच वेळ डबा टकटकवत बसले. मग म्हणाले, "जाऊ का गं? हाकलून देईल का ती?"

त्यांनी माझा सल्ला विचारला असेल असं हे एकदाच. मी म्हणाले, "माहीत नाही, साहेब."

आम्ही रिक्षानं गेलो. गावठाणाच्या तोंडाशी क्रूसाजवळ ‘त्याचा’ हात जोडलेला मोठा बॅनर होता, बाजूला केविनचा विमानतळावरचा फोटो. साहेबांनी उतरून तो नीट पाहिला. "फोटो बरा आलाय त्याचा," म्हणाले, आणि गल्लीत शिरले.

आंटींनी आम्हाला पाहिलं. हाकललं नाही, हसल्याही नाहीत. "बसा," म्हणाल्या. केविन टेबलाशी होता. निरोपांमधल्या आवाजावरून मला तो मोठा, दांडगा वाटला होता. प्रत्यक्षात मनगटं काड्यांसारखी होती आणि मान उन्हानं काळी पडून सोललेली. आंटींनी कोंबडीचा रस्सा आणि फुगे केले होते, ते तळलेले गोल गोल पाव. ताटं मांडता मांडता साहेबांना म्हणाल्या, "पहिल्याच शनिवारी नाही म्हटलं असतंत, तर चार महिने आधी आला असता माझा पोर."

"हो," साहेब म्हणाले.

"ही पोरगी मात्र सोन्याची." त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा एकदम वेगळा झाला. "ऐक केविन, ही ती. हिला कळल्या कळल्या धावत आली, मला बाजूला घेतलं आणि सांगितलं. घाबरली नाय. पगार ह्यांचा खाते, तरी घाबरली नाय."

केविन माझ्याकडे बघून हसला. त्याचा पुढचा एक दात तुटलेला होता.

मी साहेबांकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते. त्यांना माहीत होतं, आणि ते काही बोलणार नव्हते, हेही दिसत होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. ते मला चांगलं येतं.

"कळल्या कळल्या नाही, आंटी," मी म्हणाले. "मला आधीच कळलं होतं. तीन आठवडे आधी. तुम्ही तीन शनिवार आलात आणि मी बोलले नाही."

"का?" आंटींनी विचारलं. ओरडून नाही.

"भीती वाटली."

"कोणाची? ह्यांची?"

मी ताट थोडं मागे सरकवलं.

"कुठला महिना?" केविननं विचारलं. मी सांगितला. तो टेबलावर बोटं ठेवत दिवस मागे मागे मोजत गेला. "तेव्हा जनरेटर बंद पडलेला आमचा," तो म्हणाला. कोणाला पत्ता सांगावा तसं सांगत होता. "पाणी पण मोजून. एक रशीदभाई होते, त्यांना ताप. एकवीस दिवस म्हणजे... हो, तेच ते."

आंटींच्या हातातली पळी भांड्यातच राहिली.

"तिचे एकवीस," साहेब म्हणाले. त्यांनी केविनकडे सरळ बघितलं. "बाकीचे सगळे माझे."

केविननं मान हलवली, समजलं अशी, आणि फुगा मोडला. आंटींनी त्याला वाढलं. मग साहेबांना वाढलं. मग पळी भरून माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि थांबल्या. रस्सा पळीतून भांड्यात थेंब थेंब गळत होता, आणि मी ताट पुढे करावं की नाही, ते मला कळत नव्हतं.